दोन डगरींवर

तारारिरासच्या डेअरीत पहिल्याच दिवशी
एवारिस्तो मालान यांनी विचारलं,
"दुसरी लाइन कशाला? पहिली चालते आहे की."
मी काही बोलले नाही. त्यांच्या टाकीकडे बघत राहिले.
टाकीला दोन थर्मामीटर होते.
"एखादा खोटं बोलला तर?" ते आपणहून म्हणाले,
आणि मग आम्ही दोघंही जरा वेळ गप्प.

मग कागद. चौकोन, रेघा, पुन्हा चौकोन.
इथे स्विच, इथे त्याचा जोडीदार,
वजनकाटा दोघांना बांधलेला, प्रत्येक पंप दोघांना,
बॅटऱ्या, मागच्या शेडमध्ये डिझेलचा जनरेटर.
(त्या शेडमध्ये कोंबड्या अंडी घालतात
हे नकाशात लिहायचं राहिलं.)
दोन डगरींवर पाय ठेवणारा पडतो म्हणतात.
माझा धंदा उलटा:
एकाच डगरीवर उभा राहतो, तो पडतो.

ऑगस्टातला मंगळवार, गोठवणारी सकाळ.
रस्त्याकडेला निल्सन पेद्रेइरा
पाण्याचा चर खणत होता.
नऊ वाजून वीस मिनिटांनी पहिली लाइन गेली.
मी निवांत होते. दुसरी आहे ना.
दुसरी त्याच क्षणी गेली.

धावत गेले तर जेसीबीच्या पंज्यात
एक केशरी केबल, एक निळी,
जुळ्या बहिणींसारख्या बिलगलेल्या.
दोन कंपन्या, दोन करार, महिन्याला दोन बिलं
आणि जमिनीखाली एकच पाइप,
एकीने दुसरीला भाड्याने दिलेला.
डगरी दोन कुठल्या! एकाच बांधाला
मी दोन नावं दिली होती.
निल्सन टोपी काढून उभा.
त्याला काय बोलणार?

फाटकाशी अकरा टँकर.
दूध थांबत नाही, ते फक्त आंबतं.
तेव्हा नेलिदाने खणातून चौकड्यांची वही काढली,
पेन्सिलीला थुंकी लावली,
आणि शेतकऱ्याचं नाव, लिटर, वेळ,
संध्याकाळपर्यंत लिहीत राहिली.
ती वही माझ्या आराखड्यात नव्हती.

आता पाण्याच्या टाकीवर एक तबकडी आहे,
बारा किलोमीटरवरच्या धान्याच्या सायलोकडे तोंड करून.
मधे निलगिरीची रांग.
झाडं अजून किती वाढतील
ते या वेळी आधी विचारून घेतलं.

आणि दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
आम्ही मुद्दाम केबल उपटतो.
पहिल्यांदा दोन स्विचमधलीच उपटली,
तर दोघांनाही वाटलं, दुसरा मेला,
आणि दोघंही गादीवर बसले.
त्या तासाभरात प्रत्येक पंपाला दोन धनी होते.
म्हणून तिसरा साक्षीदार आणला,
हिशेबाच्या खोलीत, एक स्वस्तातला डबा,
ज्याचं काम एवढंच: कोण जिवंत आहे ते सांगणं.
पुढच्या वेळी एवारिस्तोंनी स्वतः उपटली,
डोळे मिटून, दात उपटावा तशी.
दिवा पिवळा झाला, मग हिरवा.
पंपाला कळलंसुद्धा नाही.
जनरेटर मात्र त्या दिवशी सुरू झाला नाही.
फिल्टरमध्ये पिसं.

त्या रात्री घरी जाताना धुकं होतं,
समोरून गुरांचा ट्रक, पूर्ण दिव्यांनिशी,
आणि मी रस्त्याच्या कडेला, गवतात.
काही झालं नाही. इंजिन बंद पडलं, इतकंच.
अंधारात बसून मोजलं:
स्विच दोन, वाटा तीन, बॅटऱ्या चार.
पासवर्ड एक.
तो माझ्या डोक्यात.

सकाळी नेलिदाला वही मागितली.
"मी सांगते, तू लिही."
दुपारपर्यंत लिहून झालं,
कुठली तार कुठे, कोणाला फोन, कशानंतर काय.
तिने सगळं वाचून दाखवलं, एक चूकही काढली,
मग चष्मा पुसत म्हणाली,
"बरं, ओर्फिला. आणि मी मेले तर?"

मी पान उलटलं.
"तुझ्या पुतण्याचं नाव काय म्हणालीस?"